वीज आली, फ्रीज जळाला, झाडेही गेली: पीयूडीवर दावा चालतो का?

तुमच्या पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. वॉशिंग्टन राज्यात तुमचे स्वतःचे घर आहे आणि वीज पीयूडीची, म्हणजे पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्टची. वादळात गेलेली वीज परत आली तेव्हा काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले, काही मिणमिणत राहिले, आणि थोड्याच वेळात फ्रीज, टीव्ही आणि फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गेला. महिन्याभराने लाईनजवळची झाडे तोडायला माणसे आली. तुम्ही ऑफिसात होतात. भारतातून आलेल्या वडिलांनी दारात 'येस, येस' म्हटले आणि मागच्या अंगणातले दोन सीडार आडवे झाले. फोन केलात तर 'आमची जबाबदारी नाही' एवढेच उत्तर. आता तुम्ही विचारता: ही सरकारी संस्था की कंपनी? सरकारी असेल तर तिच्यावर दावा चालतो का? भरपाईला वरची मर्यादा असते का? आणि ऑरेगनमध्ये राहणाऱ्या तुमच्या मेव्हण्यांनाही हेच लागू होते का?

मी या राज्यात बरीच वर्षे अशा दाव्यांचेच काम करतो, कधी घरमालकाच्या बाजूने, कधी पीयूडीच्या. आधी उत्तर सांगून टाकतो. दावा चालतो. रकमेला कायद्याने घातलेली मर्यादा नाही. तरीही माझ्या पाहण्यातले बरेचसे दावे दोन ठिकाणी अडतात: निष्काळजीपणा दाखवता येत नाही, किंवा कागद चुकीच्या माणसाकडे जातो. तुमच्या काउंटीचे नाव तुम्ही दिलेले नाही आणि त्याची गरजही नाही. राज्यातल्या २८ पीयूडींना कायदा एकच आहे.

पीयूडी ही कंपनी नव्हे. तिला भागधारक नाहीत, नफा वाटायचा नाही. कायद्याने ती म्युनिसिपल कॉर्पोरेशन आहे, पण आपल्याकडच्या महानगरपालिकेशी तिची गल्लत करू नका. रस्ते, शाळा, पोलीस यांच्याशी तिचा संबंध नाही. वीज, पाणी, काही ठिकाणी सांडपाणी आणि आता इंटरनेट, एवढाच तिचा पसारा. खासगी वीज कंपन्या शेतांपर्यंत तारा न्यायला तयार नव्हत्या, म्हणून ग्रेंज या शेतकऱ्यांच्या संघटनेने १९३० मध्ये हा कायदा थेट मतदारांकडून मंजूर करून घेतला. आज तो राज्याच्या कायदेसंग्रहात, म्हणजे आरसीडब्ल्यूमध्ये, शीर्षक ५४ खाली आहे. कारभार पाहतात निवडून आलेले कमिशनर, बहुतेक ठिकाणी तीन, काही ठिकाणी पाच.

या कमिशनरांचे अधिकार पाहून भारतातून आलेला माणूस चकित होतो. विजेचे दर तेच ठरवतात. राज्याचा युटिलिटीज अँड ट्रान्सपोर्टेशन कमिशन पुजेट साउंड एनर्जीसारख्या खासगी कंपन्यांच्या दरांवर देखरेख करतो, पण पीयूडीचे दर त्याच्या कक्षेबाहेर आहेत, कलम ५४.१६.०४० मध्ये ते स्वच्छ लिहिले आहे. महावितरणबद्दल तक्रार असली तर आपल्याला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठाऊक असतो, त्याच्यावर विद्युत लोकपाल, आणि २००३ च्या कायद्याखाली सेवेचे मानक मोडल्याबद्दल ठरलेली भरपाई. इथे तशी शिडी नाही. जनरल मॅनेजर, मग कमिशनरांची जाहीर सभा, आणि त्यापुढे कोर्ट किंवा निवडणूक.

दर न्याय्य आणि भेदभाव न करणारे असावेत असे बंधन आहे. मात्र वेगवेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना वेगळे दर लावायला ते आड येत नाही. ग्रँट काउंटीच्या पीयूडीने २०१८ मध्ये क्रिप्टो मायनिंगवाल्यांसाठी (संगणकांवर आभासी चलन तयार करणाऱ्यांसाठी) वेगळा, चढा दर आणला. ते फेडरल कोर्टात गेले आणि हरले. तेव्हा दर जास्त आहे एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

जमीन सक्तीने संपादन करायचा अधिकारही पीयूडीला आहे. तिला मोबदला द्यावा लागतो आणि सार्वजनिक गरज दाखवावी लागते, पण एकदा ती दाखवली की मालकाचा 'नाही' चालत नाही. ओकॅनोगन काउंटीच्या पीयूडीने पॅटेरोस ते ट्विस्प ही लाईन मेथाव खोऱ्यातून न्यायला घेतली तेव्हा वाटेत खुद्द राज्य सरकारच्या ताब्यातली, शाळांसाठी राखलेली जमीन होती. राज्याने विरोध केला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पीयूडीच्या बाजूने निकाल दिला: राज्याच्या त्या जमिनीतूनही वहिवाटीचा हक्क सक्तीने घेता येतो. सरकारची जमीन घेणारी संस्था तुमच्या कुंपणापाशी थांबेल असे समजू नका. त्याशिवाय घरांच्या किमतीवर दर हजार डॉलरांमागे ४५ सेंटपर्यंत वार्षिक कर लावता येतो आणि बाँडही काढता येतात. २०२१ पासून थेट ग्राहकाला इंटरनेट विकायचीही मुभा आहे. तोपर्यंत फक्त घाऊक विकता येत असे.

एवढे ऐकून ही संस्था सर्वशक्तिमान वाटेल. तशी ती नाही, आणि याच मुद्द्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण जबाबदारीची मर्यादा शोधणारे लोक नेहमी चुकीच्या जागी पाहतात. पीयूडीला कायद्याने जे दिले, किंवा त्यातून उघडपणे निघते, तेवढेच तिला करता येते. त्याबाहेर केलेला करार मुळातच करार नसतो. या तत्त्वाने एकदा अमेरिकेचा बाँड बाजार हादरवला होता.

१९७० च्या दशकात वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम या संयुक्त संस्थेने अणुवीज प्रकल्प काढले. क्रमांक ४ आणि ५ च्या प्रकल्पांसाठी पीयूडी, शहरांची वीज खाती, सहकारी संस्था अशा ८८ जणांनी सही केली. करार असा होता की प्रकल्प पुरा होवो वा न होवो, वीज मिळो वा न मिळो, आपापल्या वाट्याचे पैसे भरायचेच. खर्च हाताबाहेर गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये दोन्ही प्रकल्प सोडून दिले. बाँडधारकांच्या वतीने केमिकल बँक कोर्टात गेली: सही आहे, पैसे भरा. जून १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीयूडींना वीज विकत घ्यायचा अधिकार आहे, वीज केंद्र स्वतः बांधायचाही आहे. पण ज्या प्रकल्पावर आपली मालकी नाही, ताबा नाही, आणि ज्यातून एक युनिटही मिळण्याची हमी नाही, त्याच्या कर्जाची बिनशर्त हमी घ्यायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. सह्या निरर्थक ठरल्या. २२५ कोटी डॉलरांचे बाँड बुडाले. स्थानिक संस्थांच्या बाँडांत तोवर एवढी मोठी बुडवणूक झाली नव्हती. ग्रेज हार्बर काउंटीत सॅटसॉपला गेलात तर त्या संस्थेच्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांचे दोन अवाढव्य कूलिंग टॉवर अजून उभे दिसतील, वाफेचा एक ढगही कधी न सोडलेले.

निकाल योग्य होता का यावर वकिलांत अजून वाद होतात. माझ्या मते ग्राहकांच्या दृष्टीने तो बरा होता आणि बाँड घेणाऱ्या निवृत्त लोकांच्या दृष्टीने क्रूर. पण तुमच्या कामाचा धडा वेगळाच आहे. पीयूडीचा कर्मचारी फोनवर 'आम्ही भरून देऊ' म्हणाला, तरी ते वचन बांधील धरता येईलच असे नाही. त्याला तेवढा अधिकार असायला हवा. शिवाय वॉशिंग्टन राज्याच्या घटनेच्या कलम ८ मध्ये सार्वजनिक पैसा खासगी माणसाला दान म्हणून द्यायला मनाई आहे. 'माणुसकी म्हणून फ्रीजचे पैसे द्या' असे पत्र लिहू नका. मॅनेजरच्या मनात असले तरी त्याला फाईलमध्ये देण्याचे कायदेशीर कारण दिसावे लागते. ते कारण तुम्ही पुरवायचे.

आता जबाबदारी. सरकारवर दावा चालत नाही ही जुनी कल्पना वॉशिंग्टनने राज्यापुरती १९६१ मध्ये सोडली आणि स्थानिक संस्थांपुरती १९६७ मध्ये. कलम ४.९६.०१० सांगते की स्थानिक संस्था आपल्या चुकीच्या वागण्याने झालेल्या नुकसानीला खासगी व्यक्ती किंवा कंपनी जितकी जबाबदार असेल तितकीच जबाबदार आहे. कमाल आकडा कुठेही नाही. वेदना, मनस्ताप अशा बाबींच्या भरपाईवर विधिमंडळाने १९८६ मध्ये सर्वांसाठीच मर्यादा घातली होती, ती १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीच्या हक्काचा भंग म्हणून रद्द केली. उलट बाजूला, धडा शिकवायला दंड म्हणून ज्यादा भरपाई या राज्यात मिळत नाही, जोवर एखादा कायदा तसे स्पष्ट म्हणत नाही. तुमचीही काही चूक असेल तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होते, पण दावा मरत नाही.

सरकारी संस्थांचे वकील एक ढाल नेहमी पुढे करतात: आमचे कर्तव्य सगळ्या जनतेप्रति होते, या एका माणसाप्रति नव्हते. वीज विकणे हा धंद्याच्या स्वरूपाचा कारभार मानला जातो, त्यामुळे ही ढाल पीयूडीला फारशी उपयोगी पडत नाही. दुसरी मात्र उपयोगी पडते. कोणत्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायच्या, बजेट कुठे वळवायचे असे वरच्या पातळीवर सगळे तोलून घेतलेले धोरणात्मक निर्णय कोर्ट सहसा उकरत नाही. सैल झालेला जोड घट्ट न करणे मात्र धोरणात बसत नाही. तो निष्काळजीपणा.

आणि इथे तुमच्या फ्रीजचे प्रकरण मला रंजक वाटते. वीज नुसती गेली आणि फ्रीजरमधले सामान नासले, तर मी तुम्हाला दावा करू नका म्हणालो असतो. पीयूडीच्या सेवा-नियमांत अखंड पुरवठ्याची हमी नसते आणि वादळ हा कुणाचा निष्काळजीपणा नाही. पण काही दिवे प्रखर आणि काही मंद, ही न्यूट्रल तुटल्याची ओळखीची खूण आहे. घरात दोन बाजूंनी १२० व्होल्ट येतात आणि मधली न्यूट्रल त्यांचा तोल सांभाळते. ती सुटली की एका बाजूला व्होल्टेज चढते, दुसऱ्या बाजूला पडते. प्रश्न एवढाच की ती सुटली कुठे आणि का. मीटरच्या अलीकडे, तुमच्या पॅनलमध्ये सुटली असेल तर विषय संपला. खांबावरच्या जोडात सुटली असेल तर पुढचा प्रश्न: फांदी पडून त्याच रात्री तुटली, की जोड गंजलेला होता आणि शेजाऱ्यांनी दिवे लुकलुकण्याची तक्रार आधीच नोंदवलेली होती?

याचे उत्तर पीयूडीच्याच कागदांत असते. ती सार्वजनिक संस्था असल्याने पब्लिक रेकॉर्ड्स कायदा तिला लागू आहे. माहितीचा अधिकार समजा. त्या रात्रीचे आउटेज तिकीट (वीज गेल्याची नोंद), लाईनमनचा वर्क ऑर्डर, त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या मागच्या तक्रारी आणि दुरुस्त्या एवढे नेमके मागा. पाच कामकाजाच्या दिवसांत त्यांना काहीतरी प्रतिसाद द्यावा लागतो, निदान कागद कधी देऊ एवढे तरी. 'माझ्या घरासंबंधी सर्व कागदपत्रे' असे मोघम मागाल तर महिने जातील. भारतात वीजवाहिनीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या शैलकुमारी प्रकरणात वीज मंडळाला चूक सिद्ध न करताही जबाबदार धरले होते. इथे तशी आशा धरू नका. विजेच्या धंद्यात काळजीची पातळी उंच मागितली जाते, पण काळजी घेतली नाही हे दाखवणे तुमच्याकडेच राहते.

झाडांचे गणित वेगळे आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याचे झाड तोडले तर या राज्यात तिप्पट भरपाईचा जुना कायदा आहे. विधिमंडळाने वीज संस्थांना कलम ६४.१२.०३५ ने त्यातून संरक्षण दिले, पण सरसकट नाही. झाड तारेला टेकले असेल किंवा त्याने तारेचे नुकसान केले असेल तर संरक्षण आहे. लोकांना तातडीचा धोका असेल, तर घरी हजर असलेल्या रहिवाशाला किंवा मालकाला कळवून त्याची संमती मिळवायचा वाजवी प्रयत्न पुरतो. पण धोका नुसता संभाव्य असेल, तर मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने लेखी नोटीस हवी: कशासाठी, काय काम, साधारण केव्हा, संपर्क कुठे. आणि मालकाची संमती हवी. दोन आठवड्यांत मालकाने उत्तर दिले नाही, तर त्या घरात राहणाऱ्याची संमती घेता येते.

म्हणजे तुमच्या वडिलांचे 'येस, येस' कोणत्या खणात पडते यावर सगळे अवलंबून. दोन्ही सीडार वादळाने झुकून तारेवर आले असतील तर त्यांच्या संमतीची फारशी गरजच नव्हती. झाडे धडधाकट उभी असतील आणि नोटीस आली नसेल, तर काही आठवड्यांसाठी पाहुणे आलेले वडील हे त्या घराचे रहिवासी नव्हेत, आणि इंग्रजीत काय विचारले ते त्यांना समजले नव्हते, हे दोन्ही मुद्दे जोरात मांडता येतात. वडिलांना बोल लावू नका. दारात हेल्मेट घातलेला माणूस उभा राहिला की बहुतेक लोक मान डोलावतात. पण त्याआधी काउंटी ऑडिटरच्या, म्हणजे जमिनीचे कागद नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदींत तुमच्या प्लॉटवरचा ईझमेंटचा, म्हणजे तुमच्या जमिनीतून तारा न्यायच्या हक्काचा, कागद काढा. झाडे ईझमेंटच्या पट्ट्यात असली आणि त्या कागदात छाटणीचा हक्क दिलेला असला, तर वरची बरीच चर्चा फोल ठरते. आणखी एक पाहा: झाडे तोडणारी माणसे अनेकदा पीयूडीची नसतात, कंत्राटदाराची असतात. ट्रकवरचे नाव कुणाच्या दाराच्या कॅमेऱ्यात आले असेल तर जपून ठेवा. कंत्राटदारावर वेगळा दावा करता येतो.

आता कागद. कलम ४.९६.०२० नुसार दावा कोर्टात टाकण्याआधी ठरलेल्या टॉर्ट क्लेम (नुकसानभरपाईच्या दाव्याच्या) फॉर्मवर पीयूडीकडे मागणी द्यावी लागते आणि ६० दिवस थांबावे लागते. हा फॉर्म घेण्यासाठी पीयूडीने एक एजंट नेमलेला असतो. त्याचे नाव-पत्ता काउंटी ऑडिटरकडे नोंदलेले असते. त्याच्या कार्यालयात फॉर्म हाती द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या, नाहीतर पोचपावतीसह टपालाने पाठवा. ग्राहक सेवेला केलेला फोन, ईमेल किंवा बिलावर लिहिलेली तक्रार म्हणजे क्लेम नव्हे. यांपैकी एकाच्या भरवशावर राहिलेले लोक मी पाहिले आहेत. फॉर्मवर काय घडले, कुठे, केव्हा, कोण हजर होते, नुकसान काय, किती रक्कम हवी आणि त्या वेळचा व आजचा राहता पत्ता हे सगळे भरा. रक्कम लिहिताना घाबरू नका. तो आकडा पुढे खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. किरकोळ चूक राहिली तर २००९ च्या दुरुस्तीमुळे कोर्ट उदार असते, पण त्या उदारपणावर विसंबू नका. सही तुमचीच किंवा तुमच्या वकिलाची हवी.

त्या ६० दिवसांत कोर्टात दावा टाकायच्या मुदतीचे घड्याळ थांबते. वस्तूंच्या आणि शरीराच्या इजेला साधारण तीन वर्षे मिळतात, पण जमिनीच्या आणि घराच्या नुकसानीच्या काही दाव्यांना दोनच. तुम्ही दोन धरून चला.

रक्कम १०,००० डॉलरांच्या आत असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट पुरते, आणि तिथे न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूलाही वकील उभा करता येत नाही. क्लेम फॉर्मची अट मात्र तिथेही सुटत नाही. सहा वर्षे वापरलेल्या फ्रीजला नव्या फ्रीजची किंमत मिळणार नाही. झाडांचे मूल्य ठरवायला मात्र प्रमाणित आर्बोरिस्टचा, म्हणजे वृक्षतज्ज्ञाचा, लेखी अहवाल घ्या. बुंधे उपटून टाकण्याआधी घ्या. बुंधे गेले की मोजायला काही उरत नाही. घराच्या विमा कंपनीलाही आत्ताच कळवा. तिने पैसे दिले तर ती तुमच्या जागी उभी राहून पीयूडीकडून वसूल करेल आणि तुमचे डिडक्टिबल, म्हणजे विम्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, त्यात मागता येईल.

राहिले मेव्हणे. कोलंबिया नदी ओलांडली की कायदा बदलतो. ऑरेगनमध्ये अशाच संस्था पीपल्स युटिलिटी डिस्ट्रिक्ट नावाने आहेत, पण तिथे सार्वजनिक संस्थांच्या जबाबदारीला आकड्यात कमाल मर्यादा आहे आणि नुकसान झाल्यापासून १८० दिवसांत नोटीस द्यावी लागते. मृत्यूच्या दाव्यात एक वर्ष. वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरला घर आणि ऑरेगनमधल्या पोर्टलंडला नोकरी असलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत, त्यांनी अपघात नदीच्या कोणत्या काठी झाला ते आधी पाहावे. कॅलिफोर्नियात अशा बहुतेक दाव्यांना सहाच महिने. मात्र हे सगळे सार्वजनिक संस्थांपुरते आहे, आणि पोर्टलंडच्या आसपासच्या अनेक उपनगरांत वीज पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक या खासगी कंपनीची असते. मेव्हण्यांनी नोटिशीचा मजकूर जुळवायला बसण्याआधी आपल्या बिलावर वरच्या कोपऱ्यात कुणाचे नाव आहे ते वाचावे.